रडू दे त्याला

"आधी नाक, मग नाव."

सकाळचा भोंगा होऊन गेला की बाई शाळेच्या दारात उभ्या राहत आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराला हे ऐकवत. कमरेला जुनेराचे धुतलेले तुकडे खोचलेले असत. डाव्या हाताने पोराची मान धरायची, उजव्या हाताने नाक पुसायचं आणि मग विचारायचं, "हं, नाव?" नाव त्यांना ठाऊक असे, पोरालाही ठाऊक असे. तरी ते रोज सांगावं लागे, आणि पुटपुटून सांगितलेलं चालत नसे. नाव मोठ्याने सांगितल्यावरच मान सुटायची.

सोलापुरातल्या गिरण्यांच्या त्या काळच्या शाळा तुमच्यापैकी कोणी पाहिल्या असतील तर जागेचं वर्णन करायला नको. आवाराच्या एका कोपऱ्यात पत्र्याची लांबट शेड, उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी. मधोमध बांबूचा तट्ट्या. तट्ट्याच्या अलीकडे माझा वर्ग, म्हणजे अर्धा दिवस गिरणीत राबणारी आणि अर्धा दिवस पाटीवर पेंगणारी मोठी पोरं. पलीकडे तीन ते सहा वर्षांची लहान पोरं आणि बाई. कागदोपत्री त्याला 'बालवर्ग' म्हणत. गिरणीत सगळे 'बाईंचा कोंडवाडा' म्हणत.

मी मोडनिंबचा. व्हर्नाक्युलर फायनल होऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. तट्ट्यातून बाईंच्या वर्गातला शब्दन् शब्द ऐकू यायचा. त्यामुळे मला त्यांच्याविषयी जे माहीत आहे त्यातलं निम्मं मी पाहिलेलं आहे आणि निम्मं नुसतं ऐकलेलं.

बाई वैरागच्या. हाडापेराने मोठ्या, आवाज पुरुषी, कपाळावर ठसठशीत कुंकू. लग्नानंतर नवऱ्यानेच त्यांना शिकवून ट्रेनिंगला धाडलं होतं. ते जकात नाक्यावर कारकून होते. दुपारी भाकरीचा डबा घेऊन तेच यायचे, बाईंचं जेवण होईपर्यंत उंबऱ्यावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि रिकामा डबा घेऊन निघून जायचे. दोघं एकमेकांशी बोललेली मी फारशी ऐकली नाहीत. एकदा ते जाताना म्हणाले होते, "चटणी कमी पडली का?" बाई म्हणाल्या, "हो." एवढंच.

लहान मुलांची शिक्षिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जी मूर्ती येते तशा बाई मुळीच नव्हत्या. पोराला जवळ घेणं, गालगुच्चा घेणं, 'माझं सोनं ते' असलं काही नाही. पोर पडून रडायला लागलं तर बाई जागच्या हलत नसत. "उठून इकडे ये आणि कुठं लागलं ते दाखव," म्हणत. पोर उठून येई, दाखवी, आणि दाखवता दाखवता रडणं विसरून जाई. खरंच लागलं असलं तर हळद लावत आणि नसलं तर म्हणत, "इथं काही नाही. पुन्हा शोधून आण." पोर गुडघा नीट तपासायला लागायचं.

एकदा मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्हाला लहान मुलांची फार आवड दिसते."

"आवड कसली, मास्तर? काम आहे," त्या म्हणाल्या. "माझी स्वतःची दोन लहान होती तेव्हा मला धड काही कळत नव्हतं. आता जरा कळायला लागलंय, तर माझी मोठी होऊन बसली."

अक्षरं त्या लवकर काढू देत नसत. गिरणीतून सुताच्या रिकाम्या कांड्या आणायच्या, टोपलीभर. पोरांनी त्या रचायच्या, पाडायच्या, रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या. निम्मी पोरं तेलुगू बोलणारी, काही अक्कलकोटकडची कानडी, काही चाळीतली उर्दू. बाई सगळ्यांशी मराठीच बोलत, पण पाणी मागताना पोर 'नीळ्ळु' म्हणालं की आधी पाणी देत आणि मग म्हणत, "पाणी. म्हण, पाणी." पाणी न देता शब्द शिकवायला त्या तयार नव्हत्या.

शाळा आणि दवाखाना ज्यांच्या हाताखाली होता ते साहेब मधूनमधून फेरी मारत. पायात करकरणारे बूट, अंगात कोट, स्वभावाने वाईट नाहीत, पण सगळं कसं शिस्तीत दिसलं पाहिजे असं मानणारे. एका हिवाळ्यात ते सकाळीच आले. त्यांना पडसं झालेलं. दारात बाई आपल्या कामात. पोरांची रांग संपली, पुढचा माणूस आला, आणि बाईंनी वर न पाहताच हात पुढे केला, "आधी नाक."

माझ्या वर्गातली मोठी पोरं तट्ट्याला डोळे लावून खिदळली. साहेब लाल झाले. बाईंनी वर पाहिलं, जराही न गडबडता एक स्वच्छ फडकं त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला झाल्या. साहेबांनी ते घेतलंही. मात्र त्यानंतर ते येताना रुमाल हातात धरूनच यायचे.

आता मुख्य हकिगत सांगतो.

वाइंडिंग खात्यात, म्हणजे जिथे बायका कांड्यांवर सूत भरतात तिथे, तायव्वा नावाची बाई होती. नवरा रात्रपाळीला, घरात दुसरं कोणी नाही. तिची पाच वर्षांची सोनी बाईंच्या वर्गात यायला लागली ती कडेवर भावाला घेऊनच. मल्लू त्याचं नाव. वर्षा-दीड वर्षाचा असेल. तीन वर्षांखालचं मूल शाळेत घ्यायचं नाही असा साहेबांचा नियम होता. पण मल्लूला बाहेर ठेवायचं तर सोनीही बाहेरच राहणार. बाईंनी दोघांना दाराशी भिंतीला लागून बसवलं.

मल्लूचं सगळ्यांना कौतुक. सोनी जिथे ठेवील तिथे बसून राही, किंवा झोपे. रडणं नाही, मागणं नाही, कोणी कांडी हातात दिली तर ती तशीच हातात राही. मीसुद्धा म्हटलं, "काय शहाणं पोर आहे!"

बाई दोन-चार दिवस नुसत्या बघत राहिल्या. मग एकदा त्याला उचलून शेडच्या अंधुक कोपऱ्यात नेलं, बोटाने डोळ्याची पापणी वर केली आणि मला हाक मारली.

"मास्तर, बुबुळ बघा याचं."

मी पाहिलं. मधला काळा ठिपका त्या अंधुक उजेडातही मोहरीएवढाच होता.

"शहाणं नाही हे," बाई म्हणाल्या. "याला बाळगोळी देतात."

बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. ज्यांनी गिरणगाव पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही. दुकानात उघड मिळायची. कामावर जाणाऱ्या बायका सकाळी पोराच्या जिभेखाली ठेवत आणि पोर संध्याकाळपर्यंत निपचित पडून राही. कोणाला त्यात चोरी वाटत नसे. कोणी तोंडाने बोलतही नसे.

दुपारच्या सुट्टीत तायव्वा भाकरी खायला आली तेव्हा बाईंनी तिला गाठलं. मी तट्ट्याच्या अलीकडे होतो.

"तायव्वा, मल्लूला गोळी देतेस ना?"

तायव्वाने लपवलं नाही. "देती की. समद्याच देत्यात."

"उद्यापासून देऊ नको."

"आन् मग?" तायव्वाचा आवाज चढला. "न्हाय दिली तर दिसभर बोंबलतोय त्यो. सोनी त्येला कशी धरंल? म्या तिकडं कांड्या भरू का हितं यिऊन बसू? तुमी सांगा की, बाई. तुमाला म्हाईत असंल तर सांगा."

बाईंनी दाराशी बसलेल्या मल्लूकडे पाहिलं.

"रडू दे त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे रडू दे. सकाळी आणून दे, संध्याकाळी घेऊन जा. मधलं मी बघते."

तायव्वाला ते खरं वाटलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी ती मल्लूला स्वतः घेऊन आली. "दिली न्हाय," एवढंच म्हणाली आणि भोंग्याच्या आत पोचायचं म्हणून पळाली.

त्यानंतर काय झालं ते मी पाहिलं नसतं तर मला कोणी सांगून पटलं नसतं. दुपारपर्यंत मल्लू रडायला लागला. भुकेचं रडणं आपल्याला कळतं, हट्टाचं कळतं. हे निराळंच होतं. बारीक, चिरका, एका पट्टीतला आवाज, आणि त्याला शेवट म्हणून नाही. अंगाला घाम, हातपाय थरथरत, दूध पाजलं की उलटून टाकायचा. बाई त्याला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत आणि तशाच शिकवत. "लाल कांड्या इकडे. कोण लाल म्हणालं?" माझ्या वर्गात हिशेब बंद पडले. पोरं म्हणाली, "मास्तर, ह्ये पोर मरतंय का वो?" मी गप्प बसवलं, पण मलाही तीच शंका होती.

साहेबांच्या कानावर आवाज गेलाच. ते आले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की दवाखाना?"

"शाळाच आहे, साहेब."

"मग हे मूल इथे कसं? तीन वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही, माहीत आहे ना? उद्यापासून आवारात दिसता कामा नये."

"बरं," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, हरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. मल्लू खांद्यावर होताच. "मास्तर, माझा वर्ग आज तुम्ही घ्या. मी आवाराबाहेर बसते." आणि फाटकापलीकडे रस्त्याच्या कडेला कडुलिंब होता, त्याच्या सावलीत पोतं अंथरून बसल्या.

मी दोन्ही वर्गांमध्ये उभा राहिलो. चाळीसएक चिमुरड्या पोरांना सांभाळणं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. मी त्यांना गोष्ट सांगायला लागलो. एक पोर उठलं, करंगळी दाखवली. मी जा म्हटलं. मग दुसरं. मग जोडीने दोघं. गोष्टीतला राजा शिकारीला जाईपर्यंत समोर निम्मी पोरं उरली होती आणि जी गेली ती परत येत नव्हती. शेवटी मी बाहेर येऊन पाहिलं तर सगळी कडुलिंबाखाली बाईंभोवती बसलेली, आणि सोनी सर्वांच्या पुढे. फाटकावरचा पहारेकरी मला म्हणाला, "मास्तर, मी काय करू? मुतायला चाललो म्हणत्यात."

गिरणीच्या बायका सुट्टीत बाहेर आल्या त्यांनी हे सगळं पाहिलं. रडणारं पोर, ते खांद्यावर घेतलेली मास्तरीण आणि भोवती त्यांचीच लेकरं. त्या लांबच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही बाई तिथेच. दुपारी मल्लूचं रडणं थांबलं. मला हायसं वाटलं. पण बाईंच्या तोंडावर मी भीती पाहिली ती तेव्हाच, एकदाच. पोर मान टाकून पडलं होतं. ओठ सुकलेले. तायव्वा धावत आली, त्याला पाहिलं आणि बाईंच्या अंगावर ओरडली, "काय केलंत माज्या लेकराचं? गोळीनं झोपत हुतं, मरत तर नव्हतं!"

बाई उठल्या आणि पोराला घेऊन फाटकातून आत, सरळ गिरणीच्या दवाखान्यात गेल्या. पहारेकऱ्याने अडवलं नाही. मी मागोमाग गेलो.

डॉक्टर म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी पोराला तपासलं, थेंब थेंब साखरपाणी घालायला सांगितलं आणि विचारलं, "अफू कधी बंद केली?"

"परवा," बाई म्हणाल्या.

"एकदम?"

"एकदम."

"असं करायचं नसतं, बाई. एवढ्याशा जिवाला ती सवय झालेली. हळूहळू कमी करावी लागते. आज थोडी द्या. उद्या त्याहून कमी. एकदम तोडाल तर पोर हातचं जाईल."

त्या खोलीत तायव्वा होती, मी होतो, कंपाउंडर होता, आणि आवाज ऐकून साहेबही दारात येऊन उभे होते. दुसरं कोणी असतं तर काहीतरी बोललं असतं, कारण सांगितलं असतं. बाई तायव्वाकडे वळल्या.

"माझं चुकलं, तायव्वा. मला हे माहीत नव्हतं. गोळी आहे जवळ?"

तायव्वाने रडत रडत पदराची गाठ सोडली. बाईंनी ती गोळी तळहातावर घेतली, नखाने अर्धी केली आणि स्वतःच्या बोटाने मल्लूच्या जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने पोराने डोळे उघडले, मग पुन्हा मिटले आणि नेहमीसारखं झोपी गेलं. बाई त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांचे यजमान डबा घेऊन आले ते दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि भरलेला डबा तसाच घेऊन परत गेले.

मला वाटलं, आता हे प्रकरण मिटलं. तायव्वा पोराला पुन्हा त्यांच्या स्वाधीन करणार नाही. पण सकाळी ती आली. मल्लू कडेवर, आणि गोळी हातात.

"तुमीच द्या, बाई," ती म्हणाली. "मला कमी करायचं जमायचं न्हाय. हात जास्तीच देतोय."

साहेबांनी त्या दोघींना फाटकातून आत येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसानंतर कडुलिंबाखाली बसायची वेळ आली नाही.

रोज सकाळी बाई सुईच्या टोकाने गोळीचा कण काढत. अर्ध्याची पाव झाली, पावाचा खसखशीएवढा कण झाला. मल्लू चिडचिडा झाला, रडला, जुलाबांनी हैराण झाला, पण दूध ठरायला लागलं. बाई त्याच्याशी गोड बोलत नव्हत्या. त्याच्याकडे बघत मात्र असत. वर्ग चालू असताना, कांड्या मोजून घेताना, जेवताना. मधूनच हातातलं काम टाकून पापणी वर करून बघायच्या.

आणि एक दिवस तट्ट्यापलीकडून भोकाड ऐकू आलं. मी दचकून गेलो. तर दुसऱ्या एका पोराने मल्लूच्या हातातली लाल कांडी हिसकावली होती, आणि मल्लू ती परत मिळवायला दोन्ही हात पुढे करून, तोंड लालबुंद करून, गळा काढून रडत होता. सोनी धावली. बाईंनी तिला हाताने थांबवलं.

"थांब. त्याला मागू दे."

मल्लूने रांगत जाऊन त्या पोराच्या दंडाला चावा घेतला आणि कांडी घेतली. बाई खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग चावा घेतलेल्या पोराला म्हणाल्या, "कुठं लागलं ते दाखव."

त्यानंतर बायका यायला लागल्या. एकेक, आडून आडून. कोणाच्या पदराआड पोर, कोणाच्या हातात गोळी. बाई प्रत्येकीला आधी दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठवत. शेडच्या वळचणीला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या लटकू लागल्या. साहेबांनी पहिल्यांदा पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग गिरणीचे मालक फिरायला आले तेव्हा त्यांना त्या झोळ्या दाखवून, लहान मुलांसाठी आपण कशी सोय केली आहे ते साहेबांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. मालकांनी मान डोलावली. महिनाभरात शेजारची खोली मिळाली, एक आया मिळाली, भिंतींना चुना लागला.

मी चिडून बाईंना म्हटलं, "तुमचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी."

"झोळ्या टांगल्या ना पक्क्या?" त्या म्हणाल्या. "त्या मधल्या हुकाला जरा बघा बरं, मास्तर. तो हलतो."

सगळ्याच पोरांचं बरं झालं असं नाही. दोन पोरांच्या आया मध्येच थांबल्या, पुन्हा गोळीकडे वळल्या. एक पोर त्या उन्हाळ्यात दगावलं, ते गोळीने की पटकीने हे कोणाला कळलं नाही. त्या दिवशी बाईंनी दारात नेहमीसारखी सगळ्यांची नाकं पुसली, नावं विचारली, आणि दिवसभर कोणाला रागावल्या नाहीत. पोरांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

पुढच्याच वर्षी त्यांचे यजमान नोकरीतून मोकळे झाले आणि दोघं वैरागला राहायला गेली. जाताना निरोपसमारंभ वगैरे झाला नाही. शेवटच्या दिवशीही त्या संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत वर्गात होत्या. नव्या शिक्षिका आल्या त्या पेटी वाजवून गाणी शिकवत. पोरं रमली. पोरं रमतातच.

त्यानंतर चारेक वर्षांनी कोणाच्या तरी लग्नासाठी बाई सोलापुरात आल्या होत्या. मधल्या सुट्टीत शाळेकडे आल्या. अंगाने वाळल्या होत्या, चष्मा लागला होता. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. दाराशी उभ्या राहून आवारातल्या पोरांकडे बघत राहिल्या. त्यातलं एकही त्यांना ओळखत नव्हतं. त्यांच्या हाताखालची पोरं वरच्या वर्गात गेली होती, काही गिरणीत लागली होती.

पोरांची पळापळ चालली होती. एक काळासावळा, दणकट पोरगा मागे न बघता धावत आला आणि सरळ बाईंच्या गुडघ्यांवर आदळला. मागे पकडणारा येत होता. पोरगा वर बघून खच्चून ओरडला, "ए आजी, सर की! वाटंत काय हुबी ऱ्हायलीस!"

मी त्याला रागवायला पुढे झालो. बाई बाजूला सरकल्या. पोरगा सुटला तो पार कुंपणापर्यंत गेला.

"कोणाचा हा?" त्यांनी विचारलं.

"तायव्वाचा," मी म्हटलं. "मल्लू."

बाई कुंपणाकडे बघत राहिल्या. तिथे तो आता पकडणाऱ्याशी भांडत होता, आपण बाद झालोच नाही म्हणून, आणि त्याचा आवाज सगळ्या आवारात घुमत होता.

"हं," त्या म्हणाल्या. "आवाज मोठा आहे."

बाहेर टांगा थांबला होता. बाई चढून बसल्या. टांगा वळेपर्यंत त्यांची मान आवाराकडेच होती.